शाळेच्या भिंतीवर काय लिहायचं

तर झालं असं, की आमच्या दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे, त्यावर एरवी गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी मुलाचं अबॅकसचं सर्टिफिकेट आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या नावाने शिव्या एवढंच येतं. मागच्या महिन्यात तिथे शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा मेसेज फॉरवर्ड होऊन आला. शाळा रंगवून झालीय, जिन्यासमोरची मोठी भिंत मुद्दाम कोरी ठेवलीय, तिथे शाळेची मूल्यं लिहायची आहेत, तर माजी विद्यार्थ्यांनी सुचवावं. खाली एक ओळ, "आठ ते दहा वाक्ये पुरेत, शुद्धलेखन तपासून पाठवणे." हे वाचलं आणि कळलं, मेसेज बाईंनी स्वतःच टाईप केलाय. आम्हाला नववीला विज्ञान शिकवायच्या, पण पेपरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर विज्ञानाचा अर्धा मार्क कापायच्या.

दोन तासात साठेक मेसेज पडले. शिस्त, संस्कार, सर्वांगीण विकास, उज्ज्वल भविष्य. एकाने नेटवरून कुठल्या तरी इंटरनॅशनल शाळेचं व्हिजन-मिशन उचलून मशीनने भाषांतर करून टाकलं, त्यात "आम्ही उद्याचे नेते घडवतो" असं होतं, त्यावर लगेच दुसऱ्याने विचारलं, नगरसेवक की डायरेक्ट आमदार? मग ते राजकारणावर गेलं, मग अ‍ॅडमिनने ग्रुप तासभर बंद केला, नेहमीप्रमाणे. आणि ग्रुप परत चालू झाल्यावर मीच शहाणी, लिहून बसले की मी ड्राफ्ट करते. माझं ऑफिस ऐरोलीला, काम म्हणजे सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिणं, त्यामुळे आमच्या बॅचमध्ये "ती लिहिते" अशी माझी ख्याती आहे. लग्नाच्या पत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं.

मॅन्युअल लिहिण्यात आमचा एक साधा नियम असतो, की स्क्रीनवर जे दिसतं तेच लिहायचं. "हे सॉफ्टवेअर अतिशय उपयुक्त आहे" असं लिहून कुणाला काही उपयोग नाही, कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते सांग. तर मी हाच नियम शाळेला लावायला बसले आणि तिथेच अडकले, कारण "संस्कार" कुठल्या बटणाने चालू होतो?

खरं तर ती भिंत आमच्या वेळी कोरी नव्हतीच. तिथे निळ्या ऑइलपेंटमध्ये दहा मूल्यं होती. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे शाळांमध्ये मूल्यशिक्षण सुरू झालं ना, ती दहा. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. अजून एका दमात म्हणता येतात मला. डीएड केलेल्या कुणालाही विचारा, झोपेतून उठवून विचारलं तरी येतील. रोज परिपाठाला सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि मग प्रतिज्ञा, आणि समोर ती भिंत. ओल यायची त्या बाजूला, त्यामुळे "नीटनेटकेपणा"चे पोपडे उडून नुसतं "नेटकेपणा" राहिलं होतं आणि ते दुरुस्त करायला आमच्या पाचवी ते दहावीच्या सहा वर्षांत कुणालाही वेळ झाला नाही. यावरून काय ते समजा.

पण मी त्या दहा शब्दांना हसत नाहीये हं. शब्द चांगलेच आहेत. प्रश्न एवढाच, की शाळेत मी जे काही शिकले ते त्या भिंतीवरून शिकले का?

शाळा कुठली ते सांगत नाही. वागळे इस्टेटच्या मागे, किसननगरच्या अंगाला असलेली एक मराठी माध्यमाची शाळा एवढंच समजा. ठाण्याबाहेरच्या लोकांसाठी सांगते, वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. म्हणजे महाराष्ट्रात नंतर जिथे जिथे एमआयडीसी झाली त्या सगळ्यांची ही थोरली बहीण. माझे आजोबा साताऱ्याकडून इथे कंपनीत लागले, वडीलही तिथेच लागले, आणि मी सातवी-आठवीत असताना एकेक कंपनीचं गेट बंद व्हायला लागलं. आता त्या जागांवर काचेच्या बिल्डिंगी आणि कॉल सेंटर. आमच्या वर्गातल्या साठ पोरांपैकी निम्म्यांचे वडील त्या काळात कधी ना कधी घरी बसलेले होते. हे मी आता मोजून सांगतेय, तेव्हा कुणी मोजलं नव्हतं. मुद्दा हाच आहे, की तेव्हा ते वर्गात कळायचंच नाही. का कळायचं नाही, ते सांगते.

आठवीला सहल होती. आमच्या वर्गशिक्षिका, मराठीच्या बाई, त्यांनी वर्गात सांगितलं, की सोमवारी सगळ्यांनी पाकीट आणायचं, बंद, वर फक्त नाव. सहलीला येणार असाल तरी, नसाल तरी. पैसे पूर्ण असतील, अर्धे असतील, नसतील, तरी पाकीट आणायचंच, आत काय आहे ते माझं मी बघेन. माझ्या पाकिटात त्या वर्षी आईने लिहिलेली चिठ्ठी होती, पैसे नव्हते. सोमवारी बाई टेबलापाशी पिशवी उघडून बसल्या, साठ पाकिटं एकामागून एक पिशवीत पडली, सगळी सारखीच दिसत होती. मी सहलीला गेले. चिठ्ठीचं बाई मला कधी काही बोलल्या नाहीत, आईलाही नाही. आणि पुढे दहावीनंतर कधीतरी गप्पा मारताना कळलं, की आमच्या बाकावरच्या तिघींपैकी दोघींच्या पाकिटात पैसे नव्हते आणि तिसरीच्या वडिलांनी दुप्पट घातले होते. आम्ही तिघी सबंध सहलभर एकमेकींचा डबा खात होतो आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

आता मला सांगा, हे त्या दहापैकी कुठल्या मूल्यात बसवायचं? संवेदनशीलता म्हणा फार तर. पण त्या शब्दात ते पाकीट दिसत नाही ना.

आणि याच्या उलटं काय असतं तेही आपण रोज बघतो. जून आला की "गरजू विद्यार्थ्यांना वह्यावाटप" सुरू. मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर पाच-सहा जणांचे हात जोडलेले फोटो, पुढे पोरं रांगेत, प्रत्येकाच्या हातात सहा वह्या आणि नजर कॅमेऱ्याकडे. तो फोटो मग सगळ्या एरियाच्या ग्रुपवर फिरतो. त्या पोराच्या शेजारणीच्या मोबाईलवर येतो, त्याच्या वर्गातल्या मुलीच्या आईच्या मोबाईलवर येतो. सहा वह्यांची किंमत किती असेल, दोनशे-तीनशे रुपये? तेवढ्यात ते पोर वर्षभरासाठी "गरजू" होऊन बसतं. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं आपली आजी म्हणायची, आता उजव्या हाताचा सेल्फी डावा हात काढतो. देणाऱ्यांची दानत खोटी असते असं नाही म्हणत मी. पण शाळेने गेटवरच सांगायला हवं ना, की वह्या ऑफिसात ठेवा, फोटो तुमचा आणि बाईंचा काढा.

असो. सव्वीस जुलैचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय आमच्या शाळेबद्दल काही सांगून होत नाही.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण ठाण्यात आमच्या बाजूला नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा कसले मिलिमीटर, आम्हाला एवढंच दिसत होतं की गेटची खालची आडवी पट्टी बुडाली. दुपारच्या अधिवेशनाची आम्ही पोरं वर्गातच अडकलो. संध्याकाळपर्यंत काही पालक पाण्यातून येऊन आपापली मुलं घेऊन गेले, पण ज्यांचे आईवडील मुंबईला कामाला ते कुठून येणार, लोकल बंद, फोन लागत नव्हते. सत्तर-ऐंशी मुलं राहिली. त्यात रस्त्यावर अडकलेली माणसं आत यायला लागली, एक बाई कडेवर तान्हं घेऊन, दोन-तीन रिक्षावाले, कंपनीतून निघालेले कामगार, एक म्हातारे गृहस्थ ज्यांना मुलुंडला जायचं होतं आणि जे रात्रभर दर अर्ध्या तासाने विचारत होते की आता गेलं तर जमेल का. तेव्हाच्या हेडसरांनी गेट बंद केलं नाही. शिपाईमामांना सांगितलं, वरच्या मजल्यावरचे सगळे वर्ग उघडा, आणि प्राथमिकच्या पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ होती ती काढली. खिचडी झाली. मीठ कमी होतं. शाळेच्या शिपाईमामांनी, गणिताच्या सरांनी आणि एका अनोळखी रिक्षावाल्याने मिळून केलेली ती खिचडी, आणि त्या रात्री पहिल्यांदा मी आमच्या गणिताच्या सरांना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पातेलं घासताना बघितलं.

हे सगळं त्या रात्री मुंबई-ठाण्यात शेकडो ठिकाणी झालं असेल, लोकांनी घरं उघडली, मंदिरं, मशिदी, गुरुद्वारे उघडले. पण मला जे लक्षात राहिलंय ते दोन दिवसांनंतरचं. तांदूळ सरकारी, त्याचा हिशोब द्यावा लागतो. ऑफिसमधले क्लार्क म्हणत होते की सर, लिहून टाकू पाणी शिरून खराब झाला, सगळीकडे झालाच आहे, कोण विचारतंय. सरांनी साठ्याच्या रजिस्टरला स्वतःच्या अक्षरात लिहिलं की पावसात अडकलेली मुले व नागरिक यांच्या जेवणासाठी वापरला, आणि तेवढा तांदूळ बाजारातून स्वतःच्या पैशाने आणून पोत्यात भरला. हे आम्हाला कसं कळलं? मी आणि अजून एक मुलगी तेव्हा ऑफिसात हजेरीपट घ्यायला गेलो होतो आणि क्लार्क वैतागून मावशींना सांगत होते, "यांना कुणी सांगावं, खरं लिहून वर पैसेपण भरले."

परिपाठाला या गोष्टीची बोधकथा कधी झाली नाही. झाली असती तर आम्ही ऐकलीही नसती.

आता नुसतं कौतुक करत बसले तर बाई म्हणतील निबंध लिहिलास. शाळेत वाईट काय होतं तेही सांगायला हवं. श्रमप्रतिष्ठा. दर शनिवारी वर्ग आम्हीच साफ करायचो आणि याचा शाळेला भारी अभिमान. पण कसं साफ करायचो? मुलं बाक सरकवणार, बाक सरकवून झाले की मैदानात पळणार. झाडू मुलींच्या हातात, फडकं मुलींच्या हातात. आणि भिंतीवर, त्याच जिन्यासमोर, श्रमप्रतिष्ठेच्या बरोब्बर वर स्त्री-पुरुष समानता लिहिलेलं. चार वर्षं असं चाललं आणि कुणालाच काही खटकलं नाही, मलाही नाही, हे जास्त वाईट. नववीत याच विज्ञानाच्या बाई वर्गशिक्षिका झाल्या आणि त्यांनी हजेरी क्रमांकाप्रमाणे यादी लावली, एक ते दहा झाडू, अकरा ते वीस फडकं, एकवीस ते तीस बाक, पुढच्या शनिवारी सरकायचं. भाषण वगैरे काही नाही. यादी दाराला डकवली. पहिल्या शनिवारी तीन मुलगे आजारी पडले. दुसऱ्या शनिवारी एकाची आई भांडायला आली, माझ्या मुलाच्या हातात झाडू दिला म्हणून. बाईंनी तिला म्हणे एवढंच विचारलं, घरी कोण झाडतं? ती म्हणाली, मी. बाई म्हणाल्या, दमत असाल हो. बस. भांडण तिथेच संपलं, कसं ते मला अजून नीट कळलेलं नाही. तो मुलगा आज आमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे आणि त्याची बायको सांगते की झाडू बरा मारतो.

आणि ते वक्तशीरपणाचं. उशिरा येणाऱ्यांसाठी गेटवर वही असायची, नाव, इयत्ता, वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच लिहिलेलं असायचं, "पाणी आलं होतं." ज्यांच्या घरी चोवीस तास नळ आहे त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे ज्या वेळेला पाणी येईल त्या वेळेला घरातलं जे कुणी घरात असेल त्याने भरायचं, आणि आई कामावर गेलेली असली की ते कुणी म्हणजे आम्ही. पीटीचे सर आधी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायचे. मग एकदा त्यांनीच ती वही महिनाभराची चाळली असणार, कारण नंतर फेऱ्या बंद झाल्या आणि पाण्याच्या वेळेवाल्या पोरांची पहिली तासिका बुडली तर मधल्या सुट्टीत वही कुणाची तरी मिळेल अशी जोडी लावून दिली. वक्तशीरपणा तसाच भिंतीवर राहिला, त्याला कुणी हात लावला नाही. एवढंच.

माझे आजोबा सांगायचे ते वेगळंच प्रकरण. ते रयतच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. रयत शिक्षण संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला, कराडजवळ, सुरू केली आणि पुढे साताऱ्यातल्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीला बसायची. त्या काळात. संस्थेचं ब्रीद "स्वावलंबी शिक्षण", आणि ते ब्रीद म्हणजे काय तर सकाळी शेतात काम आणि मग वर्ग. कमवा आणि शिका. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आजोबा हे सांगताना प्रत्येक वेळी मंगळसूत्रापाशी थांबायचे आणि मग विषय बदलून म्हणायचे, "आमटी मात्र पातळ असायची." लहानपणी मला वाटायचं ते आमटीची तक्रार करतायत. नव्या मुंबईत वाशीला रयतची शाळा आणि कॉलेज आहे, त्यावरून बस गेली की आजोबा बसमध्येच हात जोडायचे आणि मी लाजून खिडकीबाहेर बघायचे.

तर एवढं सगळं डोक्यात घेऊन मी एका शनिवारी बाईंना भेटायला शाळेत गेले. लेकीला बरोबर नेलं होतं. तिची शाळा वेगळी, कोलशेतजवळची, इंग्लिश मीडियम, आणि हो, मराठी शाळेबद्दल एवढं लिहिणाऱ्या बाईची मुलगी इंग्लिश मीडियमला आहे, मारा मला. तिच्या शाळेच्या लॉबीत पण मूल्यं आहेत, स्टीलच्या चकचकीत अक्षरात. रिस्पेक्ट, रिझिलियन्स, इंटिग्रिटी, एम्पथी. लेकीला विचारलं रिझिलियन्स म्हणजे काय, तर म्हणाली, ते लिफ्टच्या बाजूला आहे ते.

बाईंचे केस आता पूर्ण पांढरे. "बस गं, चहा सांगते" म्हणाल्या आणि लगेच विषयाला हात. माझं म्हणणं मी सांगितलं, की बाई, नुसते शब्द नको लिहायला, शाळा जे करते ते लिहूया. उदाहरणार्थ, "पैशांचं काहीही असलं तरी ते बंद पाकिटात." किंवा "वर्ग आम्हीच झाडतो, हजेरी क्रमांकाप्रमाणे." बाई हसल्या आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, पण हे भिंतीवर लिहिलं की करावं लागेल."

मी म्हटलं, बाई, तेच तर.

मग आम्ही दोघी शाळेत फिरलो. ऑफिसच्या बाहेर तक्रारपेटी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं ते २०२४ चं प्रकरण झाल्यापासून सगळ्या शाळांवर या गोष्टींसाठी जोर आला, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही, आणि यायलाच हवा होता. मी विचारलं, पेटीत काही येतं का? म्हणाल्या, दीड वर्षात दोन चिठ्ठ्या, दोन्ही खिचडीबद्दल. मी वर बघितलं. पेटीच्या बरोब्बर डोक्यावर सीसीटीव्ही. आणि किल्ली? किल्ली क्लार्ककडे. बाईंनी पण वर बघितलं, मग माझ्याकडे, मग दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. सोमवारी पेटी मुलींच्या पाण्याच्या नळाकडे गेली आणि किल्ली समितीतल्या एका पालक आईकडे, हे मला नंतर मावशींकडून कळलं. बाई स्वतःहून सांगणार नाहीत.

दुसरं, पालक सभा. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात असं आहे, कागदावर ते सगळं व्यवस्थित. पण सभा असते मंगळवारी सकाळी अकराला. सकाळी अकराला किसननगरातली कुठली आई मोकळी असते? एक घोडबंदरच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटत असते, दुसरी कुरियरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला, बाबा रिक्षावर किंवा नाईट ड्युटी करून झोपलेला. मग "पालकांना मुलांची काही पडलेली नाही" असं स्टाफरूममध्ये ठरतं. बाई म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी घेतली होती एकदा, दुप्पट माणसं आली, पण शिक्षकांची रविवारची सुट्टी जाते, डोंबिवली-बदलापूरवरून येतात बिचारे. त्यांचंही खरंच आहे. दोन्हीकडचं खरं असेल तर काय करायचं हे कुठल्याच भिंतीवर लिहिलेलं नसतं. सध्या दोन महिन्यांतून एकदा रविवार, आणि त्याबदली शिक्षकांना एक दिवस सुट्टी, असं त्या करून बघणार आहेत. वर विचारावं लागेल म्हणाल्या.

परत निघताना विषय निघाला पटसंख्येचा. निघणारच. मराठी शाळेत दोन माणसं दहा मिनिटं बोलली की पटावर येतातच. मे महिन्यात शिक्षक चाळीचाळीत फिरतात मुलं शोधायला, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पदं जातात, कुणीतरी अतिरिक्त ठरतं. मी जरा भावुक होऊन म्हटलं की किती छान ना, शाळा घरापर्यंत जाते. बाईंनी मला तिथेच थांबवलं. "छान वगैरे काही नाही, आधी नोकरी वाचवायला जातो आम्ही. पण गेलं की कळतं ना गं. कोण क्लस्टरमध्ये, त्या पुनर्विकासात, दुसरीकडे गेलंय, कुणाची मुलगी घरी बसवलीय, कुणाच्या घरात दिवसा अंधार आहे." मागच्या मे महिन्यात अशी घरी बसवलेली एक मुलगी त्यांनी परत आणली, नववीत. हे सांगताना आवाज अगदी रोजच्यासारखा.

येताना तीन हात नाक्याला सिग्नलला थांबलो. पुलाखाली ती सिग्नल शाळा आहे ना, २०१६ पासून, समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेने मिळून सुरू केलेली, कंटेनरमध्ये. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणाऱ्या कुटुंबांची मुलं. लेकीने विचारलं, पुलाखाली शाळा का? म्हटलं, मुलं इथे होती म्हणून. तिला ते पटलं, पुढचा प्रश्न आला नाही, हिरवा लागला आणि मागच्याने हॉर्न मारला.

त्या रात्री बसून दहा वाक्यं लिहिली. बाईंना पाठवली. बाईंनी पाच परत पाठवली, लाल रंगात. "कोणत्याही मुलाचा गरजू म्हणून फोटो काढला जाणार नाही" यावर लिहिलं होतं, "संस्थेशी बोलते, देणगीदार नाराज होतील, पण ठेवू." "इथे कुणालाही मार दिला जात नाही" यावर लिहिलं होतं, "हे लिहावं लागतंय हीच लाज आहे. कायद्यानेच बंदी आहे. काढ." ते काढलं. "प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेल" हे त्यांनी खोडलं आणि शेजारी लिहिलं, "खोटं. मलाच सगळी येत नाहीत." त्याजागी "प्रश्न विचारल्याबद्दल कुणाला हसणार नाही" असं झालं, त्यावर पण पुढे "प्रयत्न करू" घालू का असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. तेवढ्यावरून आमची पाऊण तास चॅटवर जुंपली आणि शेवटी मी हरले, नेहमीसारखी.

ग्रुपवर फायनल टाकलं तर एकाने लिहिलं, हे काय, यात संस्कार कुठाय? अ‍ॅडमिनने त्याला उत्तर दिलं, तिसऱ्या ओळीत झाडू आहे बघ.

पेंटर या शनिवारी येऊन गेला. सहा ओळी, निळाच रंग, बाईंचा हट्ट. आत्ता दुपारी बाईंचा फोटो आला, खाली मेसेज, "चौथ्या ओळीत 'पाकीट' ऱ्हस्व काढलंय. आणि ओल अजून आहेच. उद्या वेळ असेल तर ये, शिडी ठेवलीय."